मिरजोळ्याचा दर्याबहाद्दर

गिरगाव, मुंबई
९ जून १९८५

ती. दादूकाकांना रघूचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रातलं दीड पान त्यांनीच खाल्लं होतं.

एक बातमी आहे, बसून वाचा. दहा वर्षं जाहिरात कंपनीत दंतमंजनाचे डबे आणि केसाळ बायका रंगवल्यावर तुमचा पुतण्या स्वतःचं पुस्तक काढतोय. एका प्रकाशकाने होकार दिलाय. शुद्धीत दिलाय, मी दोनदा विचारून घेतलं.

झालं असं. रद्दीच्या दुकानात मला त्रेचाळीस सालच्या चित्रपुस्तिकांचा एक गठ्ठा मिळाला. महायुद्धाच्या प्रचारासाठी गोदीत फुकट वाटायला छापलेल्या, आठ-आठ पानांच्या. त्यात तीन महावीर आहेत. मेजर पोलाद, याच्या अंगावर गोळी आपटली की वाकडी होऊन खाली पडते. बिनतारीबाई, ही नऊवारी नेसून शत्रूचे बिनतारी संदेश नुसत्या कानांनी ऐकते. आणि दर्याबहाद्दर! हा समुद्रावरून धावतो, आपल्या जहाजांवर सोडलेले टॉर्पेडो हाताने पकडतो आणि ज्याचे त्याला परत करतो. छातीवर बिल्ला, पाठीवर पंचा बांधल्यासारखं काहीतरी, आणि विजारीवरून चड्डी. सगळ्या जगातले महावीर चड्डी वरून का घालतात हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या चित्रकादंबरीचं नाव ‘युद्ध संपलं, घरी जा’. चाळीस वर्षांनी या तिघांचं काय झालं त्याची गोष्ट. मेजर पोलाद कोकणात राहायला आला आणि गंजला. बिनतारीबाईला आजूबाजूच्या सतरा घरांतली भांडणं ऐकू येतात, म्हणून ती कानात कापूस घालून फिरते. दर्याबहाद्दर पेन्शनच्या रांगेत उभा आहे आणि खिडकीतला कारकून त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतोय.

तुम्ही त्या काळात जहाजावर स्वयंपाकी होतात. तेव्हाचं जे आठवेल ते लिहा. या पुस्तिका गोदीत कधी पाहिल्या होत्यात का? सोबत एका मुखपृष्ठाची झेरॉक्स आणि माझी दोन चित्रं पाठवतोय. दर्याबहाद्दराचा चेहरा पाहिला की मला राहून राहून वाटतं, हा गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. तुम्हाला कुणासारखा वाटतो?

कमळाकाकीला नमस्कार सांगा. तिने आमसुलं पाठवली होती, ती मिळाली.

तुमचा,
रघू


मिरजोळे, रत्नागिरी
२० जून १९८५

चि. रघू, आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला हात आखडता घेऊन देतोय.

तुझं पाकीट उघडलं तेव्हा वहिनी, तुझी कमळाकाकी, समोर तांदूळ निवडत होती. चित्र बघितलं आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, “काय झालां भावोजी? कोन गेला?” मी म्हटलं, कुणी नाही गेलं, रघूने साबणाची जाहिरात पाठवलीय. मग झेरॉक्स घडी करून बनियनमध्ये घातली. दिवसभर टोचत होती.

असल्या पुस्तिका मी कधी पाहिल्या नाहीत. ऐकल्याही नाहीत. आम्हाला तिथे कामं होती. युद्ध युद्ध म्हणता ते जहाजावर कसं असतं सांगू? कांदे सोलायचे. सायरन झाला की भातावर झाकण टाकून वर पळायचं, गळ्यात तो फुगीर पट्टा अडकवायचा, आणि काही झालं नाही की खाली येऊन करपलेला भात खरवडायचा. परत साहेबांच्या शिव्या खायच्या. चार वर्षांत समुद्रावरून धावत कोणी आलेलं मी पाहिलं नाही.

तुझा हरिश्चंद्रकाका ज्या जहाजावर होता ते त्रेचाळीस साली टॉर्पेडो लागून बुडालं. हे तुला माहीत आहे. तेवीस वर्षांचा होता, वहिनीशी लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हे पुस्तकात घालू नकोस.

आता माझा सल्ला, मागितला नसलास तरी. ती कानात कापूस घालणारी बाई चांगली आहे, तिला पुढे आण. गंजलेला मेजर चांगला आहे, इथले सगळे मेजर तसेच असतात. पण तो दर्याबहाद्दर काढून टाक. काढायचाच असेल तर त्याला दाढी दे. नाक मोडून टाक. तोंडाला फडकं बांध. तो चेहरा मला आवडला नाही. चोराचा वाटतो.

इकडे विशेष काही नाही. शिमग्यात वहिनीने हरिश्चंद्राच्या तसबिरीची काच बदलून घेतली. तेव्हापासून तसबिरीत छातीवर काहीतरी उमटायला लागलंय. लोक बघायला येतात. लोकांना उद्योग नाहीत. त्याबद्दल जास्त विचारू नकोस.

गुडघे तसेच आहेत. तुझा नमस्कार त्यांना पोचवला.

दादूकाका


गिरगाव, मुंबई
१४ जुलै १९८५

ती. काका, सादर आणि संशयपूर्वक नमस्कार.

जास्त विचारू नकोस असं लिहिलंत म्हणून विचारणारच नव्हतो. पण काल आपल्या गावच्या मंडळाच्या खोलीवर गेलो होतो. तिथे भिकाजी भेटला, नुकताच गावाहून आलेला. मला बघून उठून उभा राहिला. एरवी हा माणूस जेवणाच्या पंगतीतसुद्धा उठत नाही. म्हणाला, “रघ्या, नशीबवान हास तू. तुज्या काकाच्या छातीवर नांगर उमटलाय! आनि नांगराला वीज गुंडाळल्याली! माज्या डोळ्यांनी बघितलां.” हे सांगताना त्याने चपला काढून ठेवल्या होत्या.

हरिश्चंद्रकाका जागृत झाले, म्हणतो. लोट्याच्या रासायनिक कंपनीत नोकरी लागावी म्हणून पोरं नारळ ठेवून जातात. बुरोंडीहून एक होडीवाला आला होता, त्याला जाळी टाकायच्या आधी काकांचं दर्शन हवं होतं.

मी हसलो, मग घरी आलो आणि हसू गेलं. काका, नांगर आणि त्याला गुंडाळलेली वीज हा बिल्ला सगळ्या दुनियेत एकाच माणसाच्या छातीवर आहे, आणि तो माणूस विजारीवरून चड्डी घालतो. तुम्हाला पाठवलेल्या झेरॉक्समध्ये बिल्ला दिसत नाही, तिथे नेमकं किमतीच्या जागी ‘विनामूल्य’ असं छापलंय. पण आतल्या प्रत्येक पानावर आहे.

आणि आता मला तो चेहरा कुठे पाहिला ते आठवलं. लहानपणी मे महिन्यात यायचो तेव्हा माजघरात काकीच्या मागे बसून मी त्या तसबिरीकडे बघत जेवायचो. काळा कोट, काळी टोपी, कपाळाला गंध. कोट आणि टोपी काढली की उरतो तो दर्याबहाद्दर.

साठ पानं काढून झालीत. चेहरा पोस्टरवर गेलाय, पोस्टर छापखान्यात आहे. आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी माझं नाव छापून येणार आहे, आणि तेही दंतमंजनाशिवाय. तेव्हा खरं काय ते सांगा. मी कुणाला बोलणार नाही.

रघू


मिरजोळे
२८ जुलै १९८५

चि. रघू,

तुला लहानपणी माजघरात बसवून जेवू घातलं ही आमची चूक झाली.

आधी इथला तमाशा ऐक. गेल्या रविवारी लवू आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा लोट्याला तीन वर्षं खोली घेऊन काम करतोय, पण कायम करत नाहीत. लवूने नारळ ठेवला, पंधरा माणसं मागे उभी केली आणि तसबिरीपुढे गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा हरिश्चंद्रा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तू दर्यात ऱ्हऊन आमचां सगळां बघतोस, म्हाराजा! हा तुजा लेकरू तीन वर्सां वासाच्या कारखान्यात नाक धरून काम करतां, त्याला पर्मनंट कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि तो जो सुपरवायजर वाकड्यात शिरलाय, त्याची बदली पनवेलच्या पलीकडे कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या शेवटच्या ‘व्हय म्हाराजा’त माझाही आवाज होता. काय करणार, सगळे माझ्याकडे बघत होते.

आता ऐक. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमचं जहाज दुरुस्तीला मुंबईत लागलं तेव्हा कंपनीच्या हापिसात मला सांगितलं की तुझ्या भावाचं जहाज गेलं, कोणी वाचलं नाही. मी घरी येऊन सांगितलं. आई रडली नाही. म्हणाली, “माज्या पोराचा तोंड दाखव. तोंड बघितल्याबिगर मी रडायची नाय.” तोंड कुठून दाखवू? प्रेत नाही. घरात त्याचा एकही फोटो नाही. एकुलता एक फोटो त्याच्या जहाजाच्या कामाच्या पुस्तकात चिकटवलेला, तो त्याच्याबरोबर तळाला गेला.

आई रोज त्याचं पान वाढायची. स्वतः जेवायची नाही. वहिनीच्या हातातल्या बांगड्यांना कुणाला हात लावू द्यायची नाही. भावकीतले म्हणायला लागले की म्हातारीचं डोकं फिरणार, तिला रडवा. माझ्या ट्रंकेत गोदीत वाटलेल्या त्या पुस्तिका होत्या. खोटं लिहिलं मी मागे, सगळ्यांनी वाचल्या होत्या आणि पोटभर हसलो होतो. एकावर तो चेहरा पानभर छापलेला होता. हनुवटी थोडी हरिश्चंद्रासारखी. निदान मला तशी वाटली, कारण मला ती तशी वाटायला हवी होती.

मी ते पान घेऊन धोंडूकडे गेलो. धोंडू गणपती करायचा. त्याने गणपतीचेच रंग काढले, काजळी डिंकात खलली, बिल्ल्यावर कोट चढवला, डोक्यावर टोपी घातली, गंध लावलं. दोन तासांत महावीराचा आमचा हरिश्चंद्र केला. आईला मोतीबिंदू होता. तिने काचेवरून हात फिरवला आणि जी रडायला लागली ती तीन दिवस थांबली नाही. मला वाटलं, मी मोठं काम केलं.

त्याच दुपारी वहिनीच्या बांगड्या फुटल्या. ती सोळा वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या दारातून तसबिरीकडे बघत उभी होती. हा तोच का, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. लग्नानंतर एकोणीस दिवस तो घरी होता, भरल्या घरात, आणि मग जहाजावर गेला. दिवसाउजेडी तिने त्याचं तोंड कितीदा बघितलं असेल, तूच विचार कर.

बेचाळीस वर्षं ती त्या तसबिरीशी बोलते. आई गेली, माझी बायको गोदा गेली, आता घरात आम्ही दोघंच. सकाळचा पहिला कप त्याच्यापुढे, मग मला. माझ्या सगळ्या तक्रारी त्याला सांगते, मी ओटीवर बसून ऐकतो. नव्या काचेला फट राहिली, आत कसर नावाची कीड शिरली, आणि कसरीला डिंक आवडतो. कोट खाऊन टाकलाय तिने. आता टोपी सुरू केलीय.

रघू, मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत. कप्तानापुढेही नाही. तुझ्यापुढे जोडतो. चेहरा बदल. ते पुस्तक इथे आलं तर तिला कळेल की तिने जन्मभर एका चित्रातल्या बाहुल्याचा संसार केला. आणि तो मी तिच्या गळ्यात बांधला.

दादूकाका


गिरगाव
१० ऑगस्ट १९८५

ती. काका,

तुमची थट्टा करून पत्र सुरू करायची सवय आहे, आज ते जमत नाही.

पत्र आलं त्या दिवसापासून चेहरा बदलायला बसलो. दाढी दिली. नाक मोडलं. तोंडाला फडकं बांधलं तर तो डाकू दिसायला लागला. तीन दिवसांत अकरा पानं बदलली. मग प्रकाशकाकडे गेलो तर तो आनंदाने सांगतो की पोस्टर गेली. कोकणातल्या सगळ्या यष्टी स्टँडच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एकेक. रत्नागिरीला दोन पाठवलीत, कारण लेखक तिकडचाच आहे म्हणे. मी डोकं धरून बसलो, त्याला वाटलं मी भारावलो.

म्हणजे आता पान बदलून उपयोग नाही. काकी महिन्यातून दोनदा बाजाराला जाते. तिने ते स्टॉलवर बघण्याआधी तुम्ही तिला सांगा. पत्राने मी सांगू शकतो, पण ते तुम्हीच सांगायला हवं.

माझं एवढंच म्हणणं आहे. तिने नको म्हटलं तर मी पुस्तक छापणार नाही. हे मी रागाने किंवा मोठेपणाने लिहीत नाही. पुस्तक नाही निघालं तर मला फार वाईट वाटेल, कदाचित वर्षभर मी कुणाशी धड बोलणार नाही. तरीही. दर्याबहाद्दर गेली दोन वर्षं माझा होता. तिचा बेचाळीस वर्षं आहे.

तुम्ही वीस वर्षांचे होतात, काका. मी वीस वर्षांचा असताना याहून वाईट गोष्टी केल्यात, आणि त्या कुणाला रडवण्यासाठीसुद्धा नव्हत्या.

रघू


मिरजोळे
२ सप्टेंबर १९८५

चि. रघू,

तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा तिने माझ्या हातात खोवायला नारळ दिला. दुसऱ्यांदा बुरोंडीचा तो होडीवाला पापलेट घेऊन आला, नवस फेडायला. पापलेट ताजं होतं, मी गप्प बसलो. तिसऱ्यांदा मी “वहिनी, जरा बोलायचंय” म्हटलं तर ती म्हणाली, “गुडघ्यांचां असंल तर उद्या सांगा.”

आणि परवा लवू ओरडत आला. “हरिश्चंद्राचा फोटू यष्टी स्टँडवर लागलाय! मुंबईवाल्यांनी छापलाय!” झालं. अर्धी वाडी साडेनऊच्या गाडीने शहरात. लवूने नारळ घेतला, आनंदीबाईने झेंडूचा हार. वहिनीही निघाली. मी मागच्या सीटवर बसलो आणि गाडी बंद पडावी म्हणून वाटेत दिसेल त्या देवळाला हात जोडले. एरवी रोज बंद पडते.

स्टॉलच्या दारावर तुझा दर्याबहाद्दर, पायापासून डोक्यापर्यंत. सुटलेलं पोट, विजारीवर चड्डी, हातात पेन्शनचा फॉर्म. छातीवर नांगर आणि वीज. मग लवू हळूच म्हणाला, “ह्यां रूप येगळां हाय.” आनंदीबाईने हार घातला. स्टॉलवाला ओरडायला लागला की मासिकं भिजतील, नारळ इथे फोडू नका. कंट्रोलर शिट्टी वाजवत आला.

वहिनी पुढे जाऊन उभी राहिली. मग खाली छापलेलं तिने बोट ठेवून वाचलं आणि मला विचारलं, “भावोजी, ह्या आपल्या रघूचांच नाव ना?” मी हो म्हटलं.

घरी येऊन ती ओटीवर टेकली तेव्हा मी सगळं सांगितलं. धोंडू, काजळी, डिंक, सगळं. मधेच थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. तिने ऐकलं, उठली आणि म्हणाली, “जेवून घ्या.” आज तीन दिवस झाले. बोलत नाही. आज सकाळी तुझा पत्ता मागितला आणि दोन आंतर्देशीय पत्रं आणायला लावली. मी आणून दिली.

दादूकाका


मिरजोळे
८ सप्टेंबर १९८५

चि. रघू,

कमळाकाकीचा आशीर्वाद. अक्षराला हसू नको, चौथीनंतर किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नाही. हे पत्र भावोजींना दाखवलेलं नाही. ते दारातून तीनदा डोकावून गेले.

आधी राग सांगते. बेचाळीस वर्षं मी परपुरुषासमोर बसून केस विंचरले. कंबर दुखते तेव्हा कुठे दुखते तेसुद्धा त्याला सांगितलं. आता ही लाज मी कुणाकडे घेऊन जाऊ? भावोजींना तीन दिवस अळणी भाजी वाढली. खाल्ली त्यांनी, मीठ मागायची छाती झाली नाही.

तुम्हा दोघांना वाटत असणार, हिला कळलं कसं नाही. तर ऐक. तसबीर आली त्या दिवशी माझ्या मनात आलं, हे ते नव्हेत. मग वाटलं, आपलंच चुकत असेल. एकोणीस दिवसांची माहिती, त्यातले चार दिवस तर ते मामाकडे गेले होते. सासूबाई हंबरडा फोडून रडत होत्या, त्यांना पोटचा मुलगा ओळखता येतोय आणि मला शंका. मी शंका गिळली. वर्षभराने ती गेली. पाचेक वर्षांनी तर डोळे मिटले तरी हाच चेहरा यायला लागला. आता रघू, खरा चेहरा मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला, नाही येत. याचं मला फार वाईट वाटलं. तुझ्या चित्राचं नाही, याचं.

चौथ्या दिवशी मी भावोजींना म्हटलं, तुम्ही घेतलात, तुम्हीच परत द्या. कसे होते ते सांगा. ते आधी नुसते रडले. एवढा मोठा माणूस, नाक पुसायला टॉवेल लागला. मग सांगितलं. डावा कान पुढे वाकलेला. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना तोंडावर हात धरायचे. पोहता उत्तम यायचं, पण गोगलगाईला भ्यायचे. बेचाळीस वर्षांत भावोजी भावाबद्दल एवढं बोलले नव्हते. गोगलगाईचं ऐकून आम्ही दोघं हसत बसलो, आणि हसता हसता मला एक आठवलं, ते माझं स्वतःचं आहे, भावोजींना ठाऊक नाही. कैरीला मीठ लावून खाताना ते एक डोळा मिटायचे. मिटलेला तो डोळा मला अगदी स्वच्छ दिसला. बाकीचा चेहरा अजून नाही. तेवढा डोळा पुरे, म्हटलं.

लोकांना मी खरं सांगितलं. कुणी ऐकत नाही. लवूचा मुलगा गेल्या सोमवारी कायम झाला, आता कोण ऐकणार. तसबिरीचा हार तेवढा मी काढला. जो पेन्शनच्या रांगेत उभा आहे त्याला हार कसला घालायचा? तसबीर राहू दे. एवढ्या वर्षांचा शेजार आहे, पावसात कुठे जाईल.

आता तुझ्या पुस्तकाचं. ते छाप. चेहरा बदलू नको, दाढी काढून टाक. तू सोडून देतो म्हणालास ते भावोजींनी वाचून दाखवलं. असं परत लिहू नको, काम आहे तुझं ते.

पण माझी एक मागणी आहे आणि ती तुला मान्य करावी लागेल. भावोजींच्या ट्रंकेतल्या त्या जुन्या पुस्तिका मी काढून वाचल्या. सात आहेत. सातही गोष्टींत हा धावत येतो आणि जहाज वाचवतो. एकदासुद्धा त्याला उशीर होत नाही. म्हणून तुझ्या पुस्तकाच्या शेवटी एक पान वाढव. त्यात त्याला मिरजोळ्याला आण. यष्टीने आण, धावत नको, वय झालंय त्याचं. आपलं घर काढ आणि दारात मला काढ. आहे तशी काढ, बारीक करू नको. माझ्या तोंडाजवळ ते फुगे काढता ना तुम्ही, त्यात लिही, “माझा माणूस बुडत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

त्याच्या तोंडाजवळ फुगा काढू नको. पुरुषांना बोलायला जागा दिली की ते काहीतरी सांगून मोकळे होतात. त्याला पायरीच्या खाली उभा कर, मान खाली घालून, आणि पुस्तक तिथेच संपव. आत बोलवायचं की नाही, ते माझं मी बघेन.

कमळाकाकी